बंद शॉकअपच्या मागावर ढाणकीपर्यंत

लोक घर सोडून निघतात ते देवदर्शनाला, नाहीतर हवापालटाला. मी निघालो होतो भांडायला. यवतमाळ जिल्ह्यात माझं कुणी नातेवाईक नाही आणि तिकडं बघण्यासारखं काय आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मला एक माणूस शोधायचा होता आणि त्याला समोर उभा करून विचारायचं होतं, की बाबा रे, असला माल पाठवताना तुझे डोळे कुठं होते?

आधी कारण सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याची ओढाताण नको. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी चौतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वर्षं मुकादम होतो आणि भट्टीत पडणारं भंगार निवडून घेणं हे माझं काम होतं. मोडक्या गाड्यांचा माल आला की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वेगळं, पत्रा वेगळा, अ‍ॅल्युमिनियम आणि रबर बाजूला. आणि बंद नळी, बंद डबा असलं काही दिसलं तर ते भट्टीच्या आसपासही जाऊ द्यायचं नाही. बंद वस्तू वितळलेल्या लोखंडात पडली की आतली हवा फुगते आणि स्फोट होतो. दोन वर्षांपूर्वी तसा झाला. आमचा भट्टीवाला दत्ता समोरच उभा होता. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला. मागं त्याची बायको सुमन आणि शाळेतली मुलगी.

भट्टीबाहेर उडालेला एक तुकडा नंतर सापडला. तो डिकीच्या शॉकअपचा होता. मोटारीच्या डिकीचं झाकण उघडलं की ते वर तोलून धरणारा जो बारीक काळा दांडा असतो, तो. त्याच्यात गॅस दाबून भरलेला असतो. तो माल यवतमाळहून आल्याचं स्टोअरच्या वहीत निघालं. झालं, अख्ख्या फौंड्रीनं यवतमाळच्या नावानं शिमगा केला. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. सुमनच्या घरी जाऊन बसलो तेव्हाही मी तेच बोलत होतो.

निवृत्त झालो आणि रिकामे दिवस अंगावर यायला लागले. बायको म्हणाली, "रोज उठून त्या यवतमाळवाल्याला शिव्या देताय, एकदा जाऊन तोंडावर देऊन या. म्हणजे मला तरी सुटका." पौषात थंडीचे कपडे भरले आणि निघालो.

यवतमाळ

वर्ध्याला गाडीतून उतरून एसटीनं यवतमाळला पोचलो. कापसाचे दिवस होते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस अडकलेला होता आणि मैलोन्‌मैल तसाच दिसत होता. आमच्याकडं उसाच्या ट्रॉलीमागं पोरं कांडी ओढायला धावतात. इथं सांडलेल्या कापसाकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. काळी जमीन, वेचून झालेल्या कापसाच्या वाळक्या पराट्या, मध्येच पिवळी पडत चाललेली तूर. डोळ्याला गारवा म्हणून काही नाही. माझंच मन काळवंडलेलं होतं की तो मुलूखच तसा आहे, हे मला सांगता येणार नाही.

सकाळी बसस्टँडसमोर पोहे मागितले. त्यावर त्या माणसानं लाल तर्री ओतली. आम्ही कोल्हापूरचे, तिखटाला घाबरलो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून ऐटीत दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली. दुपारपर्यंत उचक्या लागल्या. गोदामाच्या मालकाशी माझं पहिलं बोलणं झालं ते उचक्या देतच, त्यामुळं ठरवून गेलेला दरारा तिथंच संपला.

हा मालक जिल्हाभरातून भंगार गोळा करून बाहेर पाठवणारा. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. फौंड्रीतला माणूस आहे, माल कुठून येतो ते बघायला आलोय, एवढंच म्हणालो. तोही मोकळा माणूस होता.

"मारेगावकडून येते ते टॅक्टरचं अन्‌ फटफट्यांचं," तो म्हणाला. "चारचाकी पाह्यजे असंन त ढाणकीले जा. थावराभाऊ म्हणून बुढा आहे. जिल्ह्यात त्याच्यासारखी गाडी कोनी सोलत नाई."

ट्रॅक्टरला आणि फटफटीला डिकीचा शॉकअप नसतो. म्हणजे माझा माणूस ढाणकीतच होता. मला वाटलं होतं, नाव कळल्यावर राग उफाळून येईल. तसं काही झालं नाही, ढाणकीला कसं जायचं ते विचारून घेतलं.

ढाणकी

आर्णी, महागाव करत उमरखेडला आणि तिथून काळीपिवळीनं ढाणकीला. घाटात सागाची पानं वाळून लटकलेली होती. गाडीत माझ्या मांडीवर कुणाची तरी सोयाबीनची पिशवी आणि पायांत एक कोंबडी होती. ती मात्र सगळा रस्ता गप्प होती.

थावराभाऊंचं आवार गावाबाहेर, त्यांच्या बंजारा तांड्याला लागून आहे. चिंचेखाली एका मोटारीची मागची सीट मांडलेली. पाहुण्यानं तिच्यावर बसायचं. समोर तीन गाड्या वेगवेगळ्या अवस्थेत उभ्या होत्या. एकीची चाकं काढलेली, एकीचं इंजिन, आणि एकीचा नुसता सांगाडा. थावराभाऊ सत्तरीच्या आतबाहेरचे, अंगानं काटक, डोक्याला लाल पटका. सून रेखा खाली फतकल घालून तारांवरचं प्लॅस्टिक पात्यानं सोलत होती. तिच्या एका बाजूला तांबं साठत होतं आणि दुसऱ्या बाजूला रंगीत सालींचा ढीग.

"कोल्हापूर?" थावराभाऊ म्हणाले. "बाप्पा! एवढ्या दूर जाते काय आमचं लोखंड?" त्यांना खरंच आनंद झाला. "आमचे बुढे बैलाच्या पाठीवर मीठ घेऊन मुलूख हिंडत. मी अथीच बसलो, पन माल हिंडून राह्यला माह्या."

भांडायला आलेल्या माणसाला असं स्वागत म्हणजे मोठी अडचण असते. मी सीटवर बसलो आणि चहा घेतला.

मग दुपारभर त्यांचं काम बघितलं. चौतीस वर्षं मी गाड्यांचा शेवट बघत आलो, पण त्या शेवटाची सुरुवात कधी बघितली नव्हती. आधी बॅटरी काढायची, तिच्यात शिसं. मग रेडिएटर, त्यात तांबं-पितळ. मग तारा, त्या रेखाकडं. मग इंजिन उतरवून घणानं फोडायचं, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळं करायचं. चेसिसवर जिथं नंबर कोरलेला असतो तेवढा तुकडा कापून गाडीमालकासाठी जपून ठेवायचा, त्याला तो आरटीओत दाखवावा लागतो. गॅस कटर सगळ्यांत शेवटी. थावराभाऊंचा हात कुठं अडत नव्हता. आमच्या फौंड्रीत असा माणूस मिळाला असता तर मी त्याला डोक्यावर घेतला असता. मनातल्या मनात हे कबूल केलं आणि स्वतःवरच चिडलो.

चाकांचे शॉकअप निघाले तेव्हा मी सरसावून बसलो. थावराभाऊंनी एक उचलला, नारळ वाजवून बघावा तसा कानाशी धरून हलवला. आत तेल डुचमळलं. त्यांनी तो शिकंज्यात धरून ड्रिलनं भोक पाडलं आणि तेल बाटलीत गाळून घेतलं.

"हे तेल सोन्यासारखं," ते म्हणाले. "गुडघ्याले लावा, बैलबंडीच्या आसाले लावा. तांड्यातले लोक मांगून नेतात. मी एकही शॉकअप तेल काढल्याशिवाय सोडत नाई."

चारी शॉकअपना भोकं पडली. मी चाट पडलो. आम्ही सरकारी नियमांच्या पाट्या लावून जे करून घ्यायचो, ते हा माणूस गुडघ्याच्या तेलासाठी बिनबोभाट करत होता. मग आमच्याकडं बंद माल आला कसा? मला वाटलं, माणूस चुकला. थावराभाऊ नव्हेत ते, दुसराच कुणी असणार. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तेवढ्यात त्यांनी त्याच गाडीच्या डिकीचा दांडा उपसला. कानाशी धरला, हलवला. काही वाजलं नाही.

"रिकामा," ते म्हणाले आणि त्यांनी तो लोखंडाच्या ढिगावर फेकला.

मी सीटवरून ताडकन उठलो. का उठलो, ते आता लिहितो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. दत्ता गेला त्या पाळीत तो दांडा माझ्या हातात आला होता. डिकीच्या शॉकअपमध्ये गॅस असतो हे मला चांगलं ठाऊक होतं. पण भट्टी माल मागत होती, वरून हाका चालल्या होत्या. दांडा हलका लागला. मी तो कानाशी धरून हलवला, वाजला नाही, म्हटलं फुटून गेला असेल, आणि टाकला टोपल्यात. थावराभाऊंनी केलं तेच, तसंच. फरक एवढाच की त्यांना माहीत नव्हतं आणि मला होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. दोन वर्षं यवतमाळच्या नावानं जे मी ओरडत होतो, ते त्यामुळं.

"ते टाकू नका!" मी ओरडलो. रेखानं पातं खाली ठेवलं.

"काहून?" थावराभाऊंनी विचारलं. "तेल नाई त्याच्यात."

"तेल नसेल, गॅस आहे. दाबून भरलेला."

ते हसले. "गॅस कायले भरतीन तथी? चूल पेटवाची हाय का डिकीत?"

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून मी सदरा काढून ठेवला आणि शिकंज्यापाशी गेलो. दांडा आडवा धरला, वर ओलं पोतं चार पदरी गुंडाळलं, दोघांनाही मागं सरायला लावलं आणि जाड बाजूच्या बुडाशी बारीक ड्रिलनं हळूहळू भोक पाडायला लागलो. ड्रिल आत शिरलं मात्र, आणि पोतं फुगून उसळलं. शिट्टीसारखा आवाज बराच वेळ चालला. चिंचेवरचे कावळे उडाले. पोत्यावर तेलाचा एक काळा फराटा उमटला.

आवाज थांबला. थावराभाऊ ढिगाकडं बघत होते. मग खाली बसून दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागले. तसले आणखी पाच दांडे निघाले. ते त्यांनी ओळीनं मांडले.

"पयले जीपा राह्यत," ते म्हणाले. "जीपले असं काई नसे. ह्या लहान गाड्या आल्या तवापासून मी हे फेकून राह्यलो." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी माल पाह्याले नाई आले. तुमच्याइकडे काई झालं ना?"

मी सांगितलं. दत्ताचं, स्फोटाचं, तिसऱ्या दिवसाचं, मागं राहिलेल्या दोघींचं.

थावराभाऊंनी पटका काढून मांडीवर ठेवला. "म्हंजे मी मारलं त्याले," ते म्हणाले.

हेच ऐकायला मी साडेसहाशे किलोमीटर आलो होतो. समोरच्यानं ते न भांडता, न विचारता दिलं. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. "तुम्हाला माहीत नव्हतं," एवढंच पुटपुटलो आणि सदरा घालायला वळलो. ह्या सगळ्या प्रवासात मला लाज वाटावी असं ठिकाण एकच, ते हे.

तांड्यात

संध्याकाळी जेवायला त्यांच्याच घरी. ओल्या तुरीच्या दाण्यांना इकडं सोले म्हणतात. सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. एरवी मी अशा ताटावर तुटून पडलो असतो. त्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला. रेखा आग्रह करत होती आणि सासऱ्यांचं ताट तसंच पडलेलं बघत होती. घरात ती दोघं आपसात त्यांच्या गोर बोलीत बोलत. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण कोल्हापूर हे नाव दोनतीनदा ऐकू आलं.

रात्री मी गावातल्या लॉजवर झोपलो, आणि त्या बोलण्याचा अर्थ सकाळी कळला. मी बसस्टँडवर आलो तर थावराभाऊ आधीच तिथं. धुतलेलं धोतर, लाल पटका, हातात कापडी पिशवी. शेजारी रेखा.

"हे ऐकत नाईत," ती मला म्हणाली. "रातभर झोपले नाईत. तुमीच समजवा, काका. एवढ्या दूरचा रस्ता अन्‌ छातीचा दम."

"मी येतो तुमच्यासंगं," थावराभाऊ म्हणाले. "माह्या बापाचं सांगनं होतं. आपल्या हातून कोनाचं मानूस गेलं त त्या घरच्या उंबऱ्यावर जाऊन पानी मांगाचं. त्यायनं दिलं त प्याचं, नाई दिलं त तसंच वापस याचं. पन गेल्याबिगर राह्याचं नाई."

मी त्यांना समजावायला लागलो. लांबचा प्रवास, थंडी, तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. जे जे बोलत होतो ते सगळं खरं होतं आणि एकही शब्द मला सोसवत नव्हता. म्हाताऱ्याच्या पायांत रबरी चपला होत्या. तो माणूस माझं पाप डोक्यावर घेऊन माझ्याच गावाला निघाला होता.

"थावराभाऊ," मी म्हणालो, "तो दांडा भट्टीत तुम्ही नाही टाकला. मी टाकला. मीही असाच कानाशी हलवला होता. आत काय असतं ते मला ठाऊक होतं, तरी टाकला."

रेखानं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. एक एसटी आली, भरली आणि गेली.

"त्याच्या बायकोले सांगतलं?" थावराभाऊंनी विचारलं.

"नाही. पण मी तिच्या घरी जातो. दिवाळीला फराळ घेऊन जातो. न मागता चहा देते ती मला."

"तो चा तुमी सांगतलं नाई म्हनून भेटते," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चाला. दोघंही जाऊ. माह्या वाटचं मी मांगीन, तुमच्या वाटचं तुमी."

रेखानं पिशवीत भाकरी बांधून दिल्या. मला तिनं एकच सांगितलं, "काका, बुढ्याले खिडकीपाशी बसवजा." आणि वळून गेली.

कोल्हापूर

परतीच्या वाटेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पंचगंगेचा पूल लागला तेव्हा थावराभाऊंनी नदीला हात जोडले आणि विचारलं, "त्या पोरीचं नाव काय म्हनलं?" मी म्हणालो, सुमन. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

घरी न जाता आम्ही थेट तिच्याकडं गेलो. दुपार होती. मुलगी शाळेत गेलेली, सुमन शिलाई मशीनवर बसलेली. मला बघून ती हसली आणि मागचा अनोळखी म्हातारा बघून उठली. थावराभाऊ आत आलेच नाहीत. त्यांनी पटका काढून उंबऱ्याबाहेर ठेवला आणि तिथंच खाली बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुह्या घरधन्याचं ज्यानं झालं, ते लोखंड माह्या हातचं होतं. मले समजलं नाई. मी पानी मांगाले आलो."

सुमननं माझ्याकडं बघितलं. आता माझी पाळी होती.

"सुमन, तो दांडा माझ्या हातात आला होता," मी म्हणालो. "मी हलवून बघितला. आणि टाकला. मला माहीत असून टाकला."

ती रडली नाही, ओरडली नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली.

"मला ठावं हाय, मुकादम," ती म्हणाली. "त्यांनी दवाखान्यातच सांगितलं हुतं. तुम्ही हलवून टाकलात ते त्यांनी बघितलं हुतं. मला म्हणले, कुणाला बोलू नगंस, मुकादम आपणहून सांगतील. दोन दिवाळ्या तुम्ही आला, फराळ दिला, ह्या लोकांना शिव्या दिल्या. मी दोन्ही बारीला च्या ठेवला आणि तुमच्या तोंडाकडं बघत बसले."

मी उंबऱ्याबाहेर बसलेल्या थावराभाऊंकडं बघितलं. मग आठवलं की मागायचं राहिलंय.

"मलाही पाणी दे," मी म्हणालो.

सुमन आत गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. ती एक पेला घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारून उंबऱ्यापाशी गेली, वाकली आणि तो तिनं थावराभाऊंच्या हातात दिला. ते पिऊन होईपर्यंत ती तिथंच थांबली. मग रिकामा पेला आत ठेवून ती परत मशीनवर बसली, आणि थोड्या वेळानं मशीन चालू झालं.